टाचेचा आवाज

माझ्या बहिणीने लग्न ठरवलं तेव्हा आमच्या वडिलांनी तिला एकच प्रश्न विचारला होता, हा माणूस पोटापाण्यासाठी नक्की करतो काय? "लोखंड वाकवतो," ती म्हणाली. वडिलांना वाटलं लोहार असेल. मग कळलं की गोल्फच्या मैदानाला लागून त्याचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत बसून तो लोकांच्या गोल्फच्या काठ्या त्यांच्या त्यांच्या अंगाप्रमाणे बसवून देतो. वडिलांचं तोंड आणखीच पडलं. लोहार परवडला असता, असं ते नंतर बरेच दिवस म्हणत होते.

मी त्यांना भावोजी म्हणते. बाकी सगळं मैदान त्यांना काटकोन म्हणतं. तोंडावर म्हणतं, आणि त्यांना त्याचा अभिमानच आहे. कुणाच्या घरी गेले की आधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार, मग पाणी पिणार. आमचे वडील गेले त्या दिवशी लोक भेटायला येत होते, आणि हा गृहस्थ गुडघ्यांवर बसून एका डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली घडी केलेला कागद सरकवत होता. मी तेव्हा त्यांना इतकं बोलले, की ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण माणूस तसाच आहे. वाकडं दिसलं की त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि हे आपल्यालाच कळतं असं त्यांना मनापासून वाटतं.

माझा संसार टिकला नाही, तो विषय वेगळा. तेव्हापासून दुकानाचा पुढचा भाग मी सांभाळते. हातमोजे, चेंडू, टोप्या विकते आणि गिऱ्हाइकांच्या फुशारक्या ऐकते. मागे भावोजी, त्यांचा शेगडा म्हणजे मोठा पकड-शिकंजा, आणि लांब दांड्याची ती पहार. मी गोल्फ खेळत नाही, पण इतकी वर्षं ऐकून ऐकून लाय म्हणजे काय ते मला झोपेतही सांगता येईल.

आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याची काठी. ती जमिनीवर टेकवली की दांडा आणि जमीन यांच्यात एक कोन होतो, तो लाय. डोक्याचा तळ जमिनीवर सपाट बसला पाहिजे. माणूस उंच असला, हात वर राहिले, तर काठीची टाच उचलली जाते आणि पुढचं टोक जमीन खरवडतं. चेंडू उजवीकडे पळतो. माणूस बुटका असला, हात खाली राहिले, तर टोक हवेत आणि टाच आपटते. चेंडू डावीकडे. लोकांना हे ठाऊक नसतं. ते वाऱ्याला दोष देतात, चेंडूला देतात, शेजारी खोकलेल्या माणसाला देतात. भावोजी काठीच्या तळाला चिकटपट्टी लावतात, गिऱ्हाइकाला कडक फळीवर उभं करून चेंडू मारायला लावतात आणि पट्टी कुठे घासली ते बघतात. मग डोकं शेगड्यात आवळून पहारीने मान वाकवतात. किती वाकवली ते तुम्हाआम्हाला डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही. चेंडूला मात्र कळतं.

त्यांचा एक नियम आहे. मारणारा माणूस समोर मारताना बघितल्याशिवाय काठी वाकवायची नाही. उंची सांगा, हाताची लांबी सांगा, फोटो दाखवा, उपयोग नाही. "नुसता उभा असलेला माणूस थापा मारतो," असं त्यांचं म्हणणं. या नियमापायी त्यांनी चांगली चांगली गिऱ्हाइकं परत पाठवली आहेत, आणि तोंड वाईट होतं ते पुढे बसलेल्या माझं.

तर एके सकाळी औषधाच्या दुकानातली ती बाई आली. आम्ही सगळे तिला औषधवालीच म्हणतो. मास्तरांची मुलगी. मास्तर म्हणजे इथल्या अर्ध्या लोकांना गोल्फ शिकवलेला माणूस. साखरेने आधी डोळे नेले आणि मग झटका येऊन पाय गेले, तेव्हापासून घराच्या वरच्या मजल्यावर खाटेवर पडून आहेत. औषधवालीने चादरीत गुंडाळलेला आयर्नांचा पूर्ण संच माझ्या काउंटरवर ठेवला.

"भावाच्या आहेत," ती म्हणाली. "टाच लागतेय त्याची. वाकवून हव्यात."

"भावाला पाठव," मागून भावोजींचा आवाज आला.

"तो बाहेर पडत नाही, काका."

"मग आयर्नही वाकत नाहीत."

तिने चादर गुंडाळली आणि ती गेली. भाऊ परत आला आहे हे आम्हीही ऐकून होतो. मास्तरांचा मुलगा बापाशी भांडून परदेशी गेला होता, आणि गेल्या वर्षी गल्लीतले लोक सांगू लागले, की आलाय, पण कुणाला तोंड दाखवत नाही. खालच्या खोलीत स्वतःला कोंडून घेऊन चेंडू मारत बसतो. त्या गल्लीतून मीसुद्धा गेले होते. खिडकी बंद होती आणि आतून एक धप्प आवाज, मग जाळीत चेंडू अडकल्याची सळसळ, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा धप्प. कुणी खोकत नाही, गुणगुणत नाही, शिवी देत नाही. मैदानावर इतके लोक चेंडू मारताना ऐकलेत मी, एकही जण असा मुका नसतो. माझी पावलं आपोआप भराभर पडायला लागली होती.

औषधवाली दोन दिवसांनी परत आली. या वेळी डोळे सुजलेले.

"काका, पाया पडते तुमच्या. शनिवारच्या आत करून द्या. बाबा वरून आवाज ऐकतात. टाच आपटतेय म्हणतात, तो वाकलाय म्हणतात, काहीतरी मोठं दुखणं लपवतोय म्हणतात. शनिवारी शेजारच्यांना बोलावून खाटेसकट खाली उतरणार आहेत. त्याच्या पाठीवरून हात फिरवून बघणार आहेत."

"मग उतरू दे की," मी म्हटलं. "बाप मुलाला भेटेल. त्यात रडायचं काय?"

"नको," ती म्हणाली. "ते नको."

ती हे ज्या आवाजात म्हणाली, तो ऐकून मी पुढचा टोमणा गिळला. भावोजी मागून बाहेर आले. नकार द्यायलाच आले होते, पण लोखंड दिसलं की यांचा हात राहत नाही. एक आयर्न उचललं, उलटं केलं, दारातल्या उजेडात तळ धरला. मग दुसरं. मग तिसरं. मग त्यांनी मला बोलावलं.

"बघ. इथे, टोकाकडे लोखंड झिजलंय. जुनी झीज आहे, काळी पडलीय. आणि हे टाचेकडचे ओरखडे बघ. ताजे. चकाकतायत."

"मग?"

"मग काय! उंच माणूस वर्षानुवर्षं टोकावर मारतो आणि एके दिवशी टाचेवर मारायला लागतो? इतका? पाठ वाकून एवढा फरक पडत नाही, मेहुणीबाई. त्याला गुडघ्याएवढं बुटकं व्हावं लागेल." त्यांनी काठी खाली ठेवली आणि औषधवालीकडे बघितलं. "या काठ्यांवर दोन माणसं आहेत."

भर सकाळी, रस्त्यावर वर्दळ असताना, माझ्या अंगावर काटा आला. औषधवाली पांढरीफटक पडली. तिने एकेक आयर्न चादरीत भरलं. तिच्या हातून एक निसटून फरशीवर पडलं, ते मी उचलून दिलं.

"मी येतो घरी," भावोजी म्हणाले. "जो मारतो त्याला बघेन आणि मगच ठरवेन."

"येऊ नका," ती म्हणाली, आणि गेली.

येऊ नका म्हटल्यावर न जाणारे ते भावोजी कसले! दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी निघाले. मी बरोबर गेले, कारण या माणसाला एकट्याला कुणाच्या दुःखाच्या घरी पाठवणं म्हणजे काय ते मी आमच्या वडिलांच्या वेळी बघितलं होतं.

गल्लीत ऊन होतं आणि चिटपाखरू नव्हतं. खालच्या खोलीची खिडकी बंद. आतून जड बुटांचा आवाज येत होता, माणूस पाय रोवून उभा राहतो तसा. मग धप्प. मग जाळी. लगेच वरून, डोक्यावरच्या खिडकीतून, म्हातारा आवाज आला.

"टाच! परत टाच लागली! ऐकतोस का रे?"

खालून उत्तर नाही. बूट पुन्हा रोवले गेले.

भावोजींनी दार वाजवलं. आतला आवाज थांबला. जड बूट चालत आतल्या बाजूला गेले, थांबले. मग अनवाणी पावलं हलकेच दारापर्यंत आली आणि दार उघडलं. औषधवाली होती. ओठावर घाम, बाह्या दुमडलेल्या. मी तिच्या खांद्यावरून आत बघितलं. बूट गेले त्या बाजूला बाहेर पडायला दुसरं दार नव्हतं. बोळाच्या टोकाला भिंत होती आणि भिंतीशी ते बूट. रिकामे.

"भाऊ कुठे आहे?" मी विचारलं. विचारतानाच मला ते नको झालं होतं.

तिने ओठांवर बोट ठेवलं, वर इशारा केला आणि आम्हाला खालच्या खोलीत घेतलं.

खोली टापटीप होती. नको इतकी टापटीप. एका बाजूला जाळी, समोर रबराची चटई. खुंटीवर पुरुषाचा शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. टेबलावर उष्टं ताट आणि पाण्याचा अर्धा पेला. कोनाड्यात दाढीचा ब्रश, ओला, आणि साबणाचा वास अख्ख्या खोलीत भरून राहिलेला. बूट ती पुन्हा आत घेऊन आली तेव्हा त्यांच्या टोकात कोंबलेल्या चिंध्या मला दिसल्या.

ती कुजबुजत सांगू लागली. मधूनमधून ती बूट पायात घालून दोन पावलं चाले, एकदा काठी चटईवर आपटे, आणि मग पुन्हा बोले. वरचा माणूस ऐकतोय याचा तिला क्षणभरही विसर पडत नव्हता.

भाऊ तिकडे एका गोदामात कामाला होता. मालाची रास त्याच्या अंगावर कोसळली. फोन आला तेव्हा ती औषधाच्या काउंटरवर होती आणि बाबा इस्पितळात, झटका येऊन चारच दिवस झालेले. डॉक्टरांनी बजावलं होतं, मनाला धक्का बसेल असं काही कानावर जाता कामा नये. बाबांना घरी आणलं आणि त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, माझ्या आजारपणाचं कळून तो आला का?

"मी हो म्हणाले, काकू. तोंडातून निघून गेलं. मग म्हटलं, आलाय पण बोलत नाही. तर म्हणाले, नाहीच बोलणार, भांडलोय ना आम्ही. असू दे. घरात आहे ना? जेवतो ना? मग ताट खाली आणायला लागले मी. उभ्या उभ्या जेवते इथे. मग म्हणाले, सकाळी दाढीच्या साबणाचा वास कसा येत नाही? मग तेही. मग म्हणाले, काठ्या घरात आहेत, चेंडू मारत नाही का तो?" तिने तळवे पुढे केले. फोडांवर फोड आले होते. "मग मारायला लागले."

"आणि भांडण कशावरून झालं होतं?" भावोजींनी विचारलं.

"याच्यावरूनच. बाबा म्हणायचे तुझा लाय चुकलाय, काटकोनकडे जा, काठ्या नीट करून घे. तो म्हणायचा माझ्या काठ्या, माझे हात, मी हवा तसा मारेन. रोज तेच. शेवटी बाबा म्हणाले, माझं एवढंही ऐकायचं नसेल तर या घरात राहू नकोस."

मला राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. मेलेल्या माणसाचे बूट घालून ही चांगली शिकलेली बाई वर्षभर या खोलीत घाम गाळत होती. उंबरठ्यापलीकडे तिला स्वतःचं नाव-गाव होतं, आणि आत ती उरतच नव्हती.

"सांगून टाक," मी म्हटलं. "आज ना उद्या कळणारच आहे."

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "वरच आहेत."

एरवी मला शब्दाला शब्द कमी पडत नाही. पण त्या दिवशी माझे पाय जिन्याकडे वळले नाहीत.

भावोजींनी खिशातून चिकटपट्टी काढून एका आयर्नच्या तळाला लावली आणि काठी तिच्या हातात दिली. "मार."

"कोण आलंय गं?" वरून आवाज आला.

"दुकानातले काका आलेत, बाबा. त्याची आयर्न बघायला."

मग, अगदी वेगळ्या आवाजात, "त्याने बोलावलं? स्वतः?"

तिने आमच्याकडे बघितलं. "हो, बाबा."

वरून पुढे काही आलं नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ आमच्यापैकी कुणालाच तेव्हा लागला नाही. तिने चेंडू मारला. पट्टी टाचेकडे पार फाटली. भावोजींनी मान हलवली आणि सगळा संच काखेत मारला.

दुकानात शेगड्यापाशी त्यांचं माझं वाजलं.

"भावोजी, पोरगा टोकावर मारायचा. बाप तो आवाज ओळखतो. मग हिचं टोक लागेल एवढ्या वाकवा की अजून."

"म्हणजे जाणूनबुजून चुकीच्या देऊ?"

"अहो, सगळं घर खोटं आहे. त्यात तुमचा कोन तेवढा खरा कशाला?"

"माझ्या हातून जे जातं ते बरोबरच जातं," ते म्हणाले आणि पहारीवर वजन टाकलं. "तो टाचेला वैतागलाय ना? टाच बंद होईल. बस."

शुक्रवारी संध्याकाळी आम्ही काठ्या घेऊन गेलो. औषधवाली बूट घालून खालच्या खोलीत गेली आणि आम्ही दोघं वर मास्तरांकडे. मी त्यांना बऱ्याच वर्षांनी बघत होते. मैदानावर ज्यांच्या आवाजाने लोक दचकायचे तो माणूस उशीएवढा उरला होता. डोळे उघडे होते आणि छतावर खिळलेले. कान मात्र जागे होते. आम्ही आत आलो तेव्हाच ते म्हणाले, "काटकोन्या, बस. ही कोण, तुझी मेहुणी? तूही बस गं. बोलू नका."

भावोजी खाटेजवळच्या खुर्चीत बसले. खाली बूट रोवले गेले. मला माहीत होतं खाली कोण आहे. तरीही तिथे बसून, मास्तरांचा तो खालच्या आवाजाकडे लागलेला चेहरा बघत, मला खाली एक उंच माणूस दिसायला लागला. हात वर धरलेला, मुका. मी खुर्चीची कड घट्ट धरली.

चेंडू मारल्याचा आवाज आला. नेहमीचा धप्प नव्हता. एकच, कोरडा, स्वच्छ.

मास्तर हलले नाहीत. दुसरा चेंडू. तसाच. तिसरा. तसाच.

"सपाट," ते पुटपुटले. "अख्खा तळ बसतोय." मग त्यांच्या बंद ओठांतून काहीतरी फुटलं, हसू की हुंदका ते मला कळलं नाही. "काटकोन्या, त्याने ऐकलं रे माझं. लाय नीट करून घेतला. स्वतः तुला बोलावलं आणि करून घेतला. इतकी वर्षं अडून बसला होता, आणि आज ऐकलं."

मी भावोजींकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं होतं. टाच बंद करायला गेलेल्या माणसाने मेलेल्या मुलाकडून बापाची माफी मागून घेतली होती.

"आता मी कशाला अडून बसू?" मास्तरांनी कोपरावर जोर देऊन डोकं उचललं आणि सगळ्या ताकदीने हाक मारली. "वर ये रे! झालं गेलं. काही बोलू नकोस, नुसता वर ये. तुझा हात दे माझ्या हातात."

त्यांचा हात हवेत उघडा राहिला.

मग जड बूट जिन्यावर चढू लागले. एक पायरी, दोन पायऱ्या. मास्तरांचा चेहरा उजळत गेला. अर्ध्या जिन्यावर बूट थांबले. दारातून मला ती दिसत होती, तोंडावर हात दाबून उभी. तिला पुढे येता येत नव्हतं आणि मागे जाता येत नव्हतं.

"थांबला का?" मास्तर म्हणाले. "घाबरलाय का तो मला?"

भावोजी उठले. चपला खुर्चीपाशीच सोडल्या आणि मांजराच्या पावलांनी जिन्याकडे गेले. मास्तरांनी कान टवकारला. "कोण उठलं?"

"भावोजी गेलेत खाली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "त्याला पाठवायला."

जिन्यावर औषधवालीने बूट काढले. भावोजींनी त्यातल्या चिंध्या उपसून आपले पाय आत कोंबले. मग ते बूट उरलेल्या पायऱ्या चढले, दारातून आत आले आणि खाटेशी थांबले. संध्याकाळच्या उजेडात, त्या बुटांत उभे असलेले माझे भावोजी मला क्षणभर ओळखू आले नाहीत. त्यांनी वाकून आपला उजवा हात मास्तरांच्या हातात दिला.

मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरला. छातीशी नेला. ते रडत होते, पुन्हा पुन्हा तो हात थोपटत होते. मग, सवयच असेल, त्यांचा अंगठा तळव्यावरून फिरायला लागला. या माणसाने हजार लोकांच्या हातांत काठी धरवली होती, बोटं कुठे कडक होतात ते त्यांना पाठ होतं. अंगठा फिरत फिरत भावोजींच्या अंगठ्याच्या मुळाशी आला, जिथे पहारीच्या दाबाने सुपारीएवढा घट्टा पडलाय. चेंडू मारणाऱ्याच्या हाताला तिथे कधी काही होत नाही. लोखंड वाकवणाऱ्याच्या होतं, आणि लोखंड वाकवणारा इथे एकच आहे.

अंगठा तिथेच थांबला.

मास्तरांनी चेहरा वळवला. भावोजी मघाशी बसले होते त्या खुर्चीकडे. भावोजी खाली गेलेत हे मघाशी मीच त्यांना सांगितलं होतं, आणि त्या आंधळ्या डोळ्यांना ती रिकामी खुर्ची आता दिसली. रडणं बंद झालं. श्वाससुद्धा बंद झाला असं मला वाटलं, आणि मी उठले. डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात वाजत होते. ओरडावं, पाणी आणावं, काय करावं ते सुचेना.

त्यांनी श्वास घेतला. एक लांब, खरखरीत श्वास. हात सोडला नाही. मग दाराकडे, जिन्याकडे तोंड करून, स्पष्ट आवाजात बोलले.

"आलास, बरं झालं. भांडण संपलं आपलं. जा आता, खाली जा. आणि तुझ्या बहिणीला सांग, बापाला काही झालेलं नाही. उगाच जीव टाकत बसते ती."

जिन्यावर औषधवाली भिंतीला टेकून खाली बसली. तिचे खांदे हलत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला सुटल्यासारखं वाटत असावं.

मास्तरांनी भावोजींना आणखी खाली ओढलं. त्यांचे ओठ भावोजींच्या कानाशी होते आणि मी खाटेला लागून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"पोरीला कळू देऊ नका," ते म्हणाले. "मला कळलंय ते."

भावोजींनी मान हलवली. मास्तरांना ती दिसली नाही, म्हणून भावोजींनी त्यांचा हात एकदा दाबला. मग ते बूट वाजवत खाली गेले आणि काही वेळाने अनवाणी वर येऊन आपल्या चपला घातल्या. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आम्ही येतो म्हणालो, त्यांनी हात वर केला.

दारात औषधवालीने भावोजींची बाही धरली. चेहरा धुतलेला होता, डोळ्यांत एवढीशी आशा होती. ती बघवत नव्हती.

"काका, कळलं नाही ना त्यांना? तुमचा हात..."

एका केसाएवढा वाकडा कोन दुकानाबाहेर न सोडणारा माणूस. वडिलांच्या मयतीत खुर्ची सरळ करणारा माणूस. त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

"नाही," भावोजी म्हणाले. "मुलाचाच समजले. तू तुझं चालू ठेव."

आम्ही गल्लीत आलो. ते पुढे चालत होते आणि उजवा हात अंगापासून थोडा लांब धरला होता. तो ओला होता, आणि ते तो पुसत नव्हते. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि ते इतके माझे कधी वाटले नव्हते. मी पाय उचलले आणि त्यांच्या बरोबरीने चालू लागले.

मागे खालच्या खोलीत बूट रोवले गेले. आवाज आला, एकच, स्वच्छ, आणि जाळी सळसळली. आम्ही दोघं थांबलो. वरच्या खिडकीतून मास्तर ओरडले, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे, आवाज जरासुद्धा कापू न देता.

"शाब्बास रे पोरा!"